आपल्या हौदाचा इतिहास, एका दुरुस्तीसह

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला ‘सोसायटीची 25 वर्षे’ या विषयावर लिहायला सांगितले होते. मी नम्रपणे नकार दिला. लिफ्ट कधी बसली, रंगकाम कितीदा झाले, कन्व्हेयन्ससाठी किती खेटे घातले, पार्किंगवरून कोण कोणाशी किती महिने बोलत नव्हते, हे सगळे आपल्याला तोंडपाठ आहे. मी एकाच गोष्टीचा इतिहास लिहितो म्हटलं. बी विंगसमोरच्या माशांच्या हौदाचा. त्याला कारणही आहे. लेखासाठी सेक्रेटरींकडून जुनी इतिवृत्ताची बाडे मागून आणली आणि त्यांत माझ्या सहीची एक नोंद सापडली. ती चुकीची आहे. चुकीची आहे हे मला गेली 12 वर्षे ठाऊक आहे.

मुले त्याला ‘कोई पाँड’ म्हणतात. मी हौदच म्हणतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ आणून या शहरातले हौद भरले जात. नाना हौद, सदाशिव हौद, काळा हौद ही नावे पेठांतल्या जुन्या मंडळींच्या तोंडी अजून आहेत. बांधून काढलेल्या जागेत साठवलेले पाणी म्हणजे हौद. त्यात मासे असले म्हणून त्याचे नाव बदलायचे कारण नाही.

2011 च्या उन्हाळ्यात मी बँकेतून निवृत्त झालो आणि दोन महिन्यांत सोसायटीचा खजिनदार झालो. त्याच सुट्टीत नातवाला घेऊन सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलो होतो. हे उद्यान पुणे आणि जपानमधले ओकायामा शहर यांच्या मैत्रीची खूण आहे. ओकायामात 1700 साली पुरे झालेले कोराकुएन नावाचे उद्यान आहे, त्याच्या धर्तीवर आपल्याकडचे रचले आहे. तिथल्या तळ्यातले तांबडे-पांढरे मासे पाहून नातू अर्धा तास हलेना. घरी आल्यावर म्हणाला, “आजोबा, आपल्या सोसायटीत का नाहीत?” नातवाच्या प्रश्नाला ‘बजेट नाही’ हे उत्तर चालत नाही. मी वाचायला लागलो.

वाचून पहिला धक्का बसला तो असा की ‘कोई’ म्हणजे जपानीत साधा कार्प मासा. आपण ‘कोई मासा’ म्हणतो ते ‘लेडीज बाई’ म्हटल्यासारखे आहे. रंगीत माशाचे खरे नाव निशिकिगोई. निशिकी म्हणजे जरतारी विणकामाचे वस्त्र, आपला किनखाब म्हणा. आमच्या सौ. म्हणाल्या, “म्हणजे पैठणी नेसलेला मासा!” याहून चांगले भाषांतर मला जमले नसते.

हा मासा ओकायामाचाही नव्हे. त्याचे माहेर निइगाता प्रांतात, यामाकोशी आणि ओजियाच्या डोंगराळ खेड्यांत आहे. राजवाड्यात किंवा श्रीमंतांच्या बागेत हे मासे निपजले असतील असा माझा समज होता, तो साफ खोटा निघाला. तिथे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आहेत. हिवाळ्यात बर्फ असा पडतो की गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. बर्फ वितळले की ते पाणी वरच्या तळ्यांत धरून ठेवायचे आणि लागेल तसे खाचरांत सोडायचे, ही तिथली शेती. मग या तळ्यांत कार्प सोडू लागले. कशाला? खायला! हिवाळ्यात ताजे अन्न मिळायचे नाही, तेव्हा हा मासा ताटात येई. म्हणजे आधी पाणी, मग भात, मग मासा. शोभा शेवटी.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या 25-30 वर्षांत या काळ्या-करड्या माशांत मधूनच एखादा तांबडे ठिपके असलेला निपजू लागला. शेतकऱ्यांनी तो खाल्ला नाही, बाजूला ठेवला. त्याची दुसऱ्या रंगीत माशाशी जोडी लावली. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले. एक मादी काही लाख अंडी घालते आणि त्यांतून निवडून निवडून मूठभर मासे ठेवायचे, बाकीचे सोडून द्यायचे. पांढऱ्यावर तांबडा तो कोहाकू, एकोणिसावे शतक सरता सरता स्थिर झाला. 1914 साली तोक्योच्या मोठ्या प्रदर्शनात हे मासे मांडले तेव्हा सबंध जपानला त्यांची ओळख झाली. तांबडा, पांढरा आणि काळा असे तीन रंग असलेले वाण पुढे आले, एकाला तैशो आणि एकाला शोवा या सम्राटांच्या राजवटींची नावे मिळाली. प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात प्राणवायू आणि विमान, या तीन गोष्टी जुळून आल्यावर 1960 नंतर हे मासे जगभर गेले. भाताच्या शेतकऱ्याने फावल्या वेळात केलेला हा उद्योग! आमच्या बँकेत ‘शेतीपूरक व्यवसाय’ असा कर्जाचा एक रकाना असायचा. निइगाताच्या शाखाधिकाऱ्याने त्यात काय लिहिले असते कोण जाणे.

तर सप्टेंबर 2011 च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी विषय मांडला. ठराव सहज होईल असे वाटले होते. पहिल्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “एप्रिलमध्ये प्यायला टँकर मागवता आणि आता मासे पाळता? लाज नाही वाटत?” सभा गप्प. काकूंचे म्हणणे चूक नव्हते. त्या मार्चपासून जूनपर्यंत बादल्या भरून ठेवणाऱ्या पिढीतल्या.

हौदात सुमारे 11,000 लिटर पाणी बसणार होते, म्हणजे जेमतेम एक टँकर. ते एकदाच भरायचे. पुढे आठवड्याला दहावा हिस्सा, म्हणजे 1,100 लिटर, काढून तेवढे नवे घालायचे. काढलेले पाणी टाकायचे नाही, बागेला द्यायचे, कारण माशांच्या पाण्यात खत असते. बागेला नाहीतरी आपण नळाने पाणी घालतच होतो. यामाकोशीत तळ्याचे पाणी भाताला जाते, आपल्याकडे ते जास्वंदीला आणि कढीपत्त्याला जाईल, असे मी सांगितले. काकूंनी मत विरोधातच दिले, पण ठराव 31 विरुद्ध 9 असा पास झाला. पुढे रोज संध्याकाळी कठड्यावर बसायला पहिल्या येत त्या काकूच, हेही नोंदवून ठेवतो. आज त्या नाहीत.

हौद जमिनीवर उचलून का बांधला, असे नवे सभासद विचारतात. बी विंगमधले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आपले इंजिनिअर सभासद यांनी ते ठरवले. त्यांची कारणे मी वहीत लिहून घेतली होती. दीड फुटाखाली मुरूम संपून काळा पाषाण लागतो, शिवाय त्या जागेखालून ड्रेनेजची लाइन जाते. जमिनीबरोबर तळे केले की पावसाळ्यात साऱ्या आवाराची माती, पेट्रोलचे थेंब, झाडांवर मारलेले औषध त्यात वाहून येणार. आणि सगळ्यांत मोठे कारण, रांगते मूल. तीन फूट उंच भिंत असली की दोन वर्षांचे पोर आत पडत नाही आणि 70 वर्षांच्या माणसाला न वाकता मासे दिसतात. म्हणून तळ दीड फूट खाली आणि भिंत तीन फूट वर. वरून सव्वा फूट रुंदीची शहाबादी फरशी, बसायला.

मी खजिनदार असल्याने नऊ इंची विटांची भिंत सुचवली होती. ती स्वस्त पडत होती. इंजिनिअरसाहेबांनी कागद ओढला आणि हिशेब मांडला. आतला हौद 14 फूट लांब, 7 फूट रुंद, पाणी 4 फूट. पाण्याचे वजनच 11 टन. ते तळावर बसते तसे भिंतींना बाहेरही ढकलते. तळाजवळ दर चौरस मीटरला सव्वा टनाच्या आसपास दाब येतो, लांब भिंतीवर सगळा मिळून तीन टनांहून जास्त रेटा. “जमिनीतल्या तळ्याला माती बाहेरून धरून ठेवते. इथे धरायला कोण आहे? तुमचे व्हाउचर?” असे ते म्हणाले. भिंत काँक्रीटची झाली, सहा इंची, दोन्ही बाजूंनी सळ्यांची जाळी. तळाला मधोमध उतार दिला आणि स्लॅब टाकण्यापूर्वीच तळातून चार इंची पाइप काढून घेतला, म्हणजे घाण तिथे गोळा होऊन बाहेर जाते. हा पाइप नंतर बसवता येत नाही. घर बांधणाऱ्या कोणाला हौद करायचा असेल तर एवढे तरी लक्षात ठेवा.

बांधकाम मार्च 2012 मध्ये संपले, पण मासे लगेच सोडता आले नाहीत. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी अल्कली होते. हौद तीनदा भरून तीनदा रिकामा केला, ते पाणी पार्किंग धुवायला वापरले. सी विंगमधल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी कॉलेजातून कागदाच्या पट्ट्या आणून तपासले, मग परवानगी दिली. एप्रिलमध्ये 14 मासे आले, बोटभर लांबीचे, बंगालमध्ये वाढवलेले, दीडशे रुपयांना एक. त्यात एक पांढरी होती, अंगावर कुठेही डाग नाही, फक्त कपाळावर तांबडा गोल. जपानी लोक अशा माशाला तान्चो म्हणतात आणि फार मानतात. आपल्याकडच्या मुलांनी तिचे नाव ठेवले टिळा.

हौदाची सगळी देखभाल माळीमामांकडे होती. ते तेव्हा पन्नाशीचे असतील. त्यांनी यामाकोशीचे नावही ऐकले नव्हते, पण विहिरीचे पाणी कधी बिघडते आणि कधी सुधारते हे त्यांना डोळ्यांनी कळे. गाळणीच्या टाकीतले स्पंज ते कधीच नळाखाली धूत नसत. हौदाचेच पाणी बादलीत घेऊन त्यात दोनदा पिळत, बास. मला ते गलिच्छ वाटे. मी एकदा बोललोही. “साहेब, त्यो चिकटाच काम करतोय,” ते म्हणाले.

तो चिकटा म्हणजे जिवाणू असतात. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो, तो माशालाच विष आहे. स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट झाडे घेतात. ही फौज उभी राहायला महिना-दीड महिना जातो. हे मी आज लिहितो आहे. जानेवारी 2013 मध्ये मला ते ठाऊक नव्हते आणि ठाऊक असलेल्या माणसाचे मी ऐकले नाही.

26 जानेवारीला आपला वर्धापनदिन. त्या वर्षी नगरसेवक येणार होते. हौदाचे पाणी किंचित हिरवट दिसत होते. 25 तारखेला सकाळी मी माळीमामांना सांगितले, सगळे पाणी काढा, भिंती घासा, गाळणी नळाखाली स्वच्छ धुवा आणि नवीन पाणी भरा. ते म्हणाले, “समदं एकदम नको साहेब. निम्मं आज करू, निम्मं पुढल्या आठवड्यात.” मी म्हणालो, “पाहुणे उद्या येणार आहेत, पुढल्या आठवड्यात नाही.” ते आणखी एकदा म्हणाले. मी आवाज चढवला. मासे टबांत काढले, हौद आरशासारखा घासला आणि महापालिकेच्या ताज्या पाण्याने काठोकाठ भरला. संध्याकाळी तळ दिसत होता. सगळ्यांनी कौतुक केले. माझे.

रात्री अकरा वाजता वॉचमनने बेल वाजवली. मासे वर तोंड काढून धापा टाकताहेत म्हणाला. मी म्हणालो, थंडी आहे, सकाळी बघू.

सकाळी सहाला 14 पैकी 11 मेलेले होते. झेंडावंदनाआधी मुले खाली येतील म्हणून माळीमामांनी एकट्याने ते जाळ्याने काढले आणि सोनचाफ्याखाली पुरले. माझ्या नातवाने चाफ्याखालची ताजी माती पाहिली आणि काही विचारले नाही.

नळाच्या पाण्यातले क्लोरिन आपल्यासाठी ठीक असते, माशाचे कल्ले ते भाजून काढते. दोन दिवस उघडे ठेवलेले पाणी चालते, नाहीतर हायपोचे खडे घालायचे, पूर्वी फोटोग्राफर वापरत तेच. आणि गाळणीतले जिवाणू तर आम्ही नळाखाली धुऊन गटारात पाठवले होते. मत्स्यालयाच्या दुकानदाराने पाच मिनिटांत हे सगळे मला समजावले. तो फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता.

पण कमिटीची सभा त्याआधी, 3 फेब्रुवारीला झाली. इतिवृत्तात लिहिले आहे: ‘माळ्याने हौदाची साफसफाई करताना योग्य ती काळजी न घेतल्यामुळे 11 मासे मृत झाले. सबब त्याच्या पगारातून रु. 2,000 कापून घेण्याचे ठरले.’ खाली तीन सह्या, त्यातली एक माझी. सभेत कोणीतरी “माळ्यानेच काहीतरी केले असणार” म्हणाले आणि मी गप्प बसलो. कारण मला तेव्हा ठाऊक नव्हते, हे खरे, पण हुकूम माझा होता एवढे तर ठाऊक होते. कपातीचे व्हाउचरही मीच पास केले. दुकानदाराकडून खरे कारण कळल्यावर पुढच्या सभेत सांगायला हवे होते. नाही सांगितले. मार्चअखेर माळीमामा काम सोडून गेले. गावी शेती बघायची आहे म्हणाले.

एक आठवण इथेच सांगतो. 23 ऑक्टोबर 2004 रोजी निइगातात मोठा भूकंप झाला. यामाकोशीचे रस्ते दरडींनी बंद झाले, सबंध गाव, दोन हजारांवर माणसे, हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. तळी फुटली, वीज गेली, पंप बंद पडले आणि मासे मोठ्या संख्येने मेले. जे उरले तेही नंतर हेलिकॉप्टरने खाली आणले. काही वर्षांनी बरीच माणसे परत गेली, खाचरे पुन्हा बांधली, तळी पुन्हा भरली. मी हे 2013 च्या उन्हाळ्यात वाचले. त्यांचे मासे भूकंपाने मारले. आमचे मी.

आता दुरुस्ती. बँकेत आम्हाला शिकवलेले पहिले तत्त्व असे की लेजरमधली चुकीची नोंद खोडायची नाही, पांढरा रंग फासायचा नाही. ती दिसेल अशी ठेवायची आणि दुरुस्तीची वेगळी नोंद करून तिच्यावर सही करायची. मी सेक्रेटरींना भेटलो. ते म्हणाले, “काका, 12 वर्षे झाली, कोणाला आठवतंय आता? स्मरणिकेत कशाला?” मी म्हणालो, इतिवृत्तात आहे म्हणून. अखेर जूनच्या कमिटी सभेत ठराव झाला: 3 फेब्रुवारी 2013 ची नोंद चुकीची असून साफसफाई तत्कालीन खजिनदारांच्या लेखी नसलेल्या परंतु स्पष्ट सूचनेनुसार, माळ्याने हरकत घेऊनही, झाली होती. रु. 2,000 सोसायटीने नव्हे, मी भरायचे. ते माझ्याच आग्रहाने तसे लिहिले.

मागच्या महिन्यात मी आणि माझा नातू, आता तो गाडी चालवतो, भोरच्या बाजूला माळीमामांच्या गावी गेलो. पत्ता आपल्या जुन्या वॉचमनकडून मिळाला. अंगणात बसले होते, गुडघे धरले आहेत. मी ठरावाची प्रत वाचून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. पाकिटात मी 2,000 रुपये आणि बचत खात्याच्या दराने 12 वर्षांचे व्याज घातले होते. त्यांनी मोजले. 2,000 ठेवले आणि बाकीचे माझ्यापुढे सरकवले. मी आग्रह केला तर म्हणाले, “याज कशाला? म्या काय बँक हाय व्हय?” सुनेने चहा आणला. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग त्यांनी विचारले, “ती पांढरी, टिळ्याची, हाय का अजून?”

आहे म्हणालो. वाचलेल्या तिघांतली ती. आता पावणेदोन फुटांची झाली आहे, हातातून दाणे खाते. नंतर आणखी सहा आणले, एकूण नऊ आहेत. गाळणीची टाकी दुप्पट मोठी केली, स्पंज हौदाच्या पाण्यातच पिळतो.

“पाणी किती काढता?”

“दहावा हिस्सा. दर रविवारी.”

“सकाळी का संध्याकाळी?”

“सकाळी.”

“संध्याकाळी काढा,” ते म्हणाले. “झाडांना रातभर पुरतं. सकाळचं समदं ऊनच पिऊन जातंय.”

गेल्या तीन रविवारांपासून संध्याकाळी काढतो आहोत.